दोऱ्यात बांधलेले चार शब्द

ओला कागद दोरीवर उलटा लटकत होता, तरी पंचशीलाला त्यावर आपलं नाव दिसलं.

त्या साली लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पंधरा ऑगस्टला झेंडा लागला, भाषणं झाली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांच्या लक्षात आलं की जिल्हा आलाय, कागद मात्र जुनेच आहेत. प्रत्येक पत्रावरचं छापील 'उस्मानाबाद' पेनानं खोडायचं आणि वर 'लातूर' लिहायचं. हे काम नव्या कारकुनांच्या वाट्याला आलं आणि पंचशीला त्यांच्यात सगळ्यात नवी. खोडून खोडून बोटाला घट्टा पडला, तेव्हा कुठं साहेबांनी तिला गंजगोलाईतल्या गुरुपादप्पांच्या छापखान्यात नव्या लेटरहेडचं प्रूफ तपासायला धाडलं.

बाहेर आभाळ रोज भरून यायचं आणि रोज तसंच कोरडं पुढं निघून जायचं. मूग-उडीद हातचे गेले होते. म्हातारी माणसं बहात्तर सालाचं नाव हळू आवाजात काढायला लागली होती. छापखान्यात मात्र गारवा होता, घासलेटचा आणि शाईचा वास होता, आणि उतरत्या मेजाशी एक किडकिडीत तरुण छपाईचे शिशाचे खिळे जुळवत उभा होता. त्यानं मान वर न करताच तिला बसायला सांगितलं.

ती बसली नाही. दोरीवरचा कागद वाचत राहिली. 'कु. पंचशीला लिंबाजी, मु. औसा. वय २२, मॅट्रिक, सरकारी नोकरी. गोरी, सडपातळ, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष.'

"या मुलीला कुणी पाहिलंय का?" तिनं विचारलं.

"पाहायचं कशाला? कागदावर समद्या अशाच असतात."

त्यानं फळीवरून एक छोटासा गठ्ठा उचलून दाखवला. शेवटचे चार शब्द. खिळे जुळवून, दोऱ्यानं गच्च बांधून ठेवलेले. रविवारी नांदेडला समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता, त्याचं पुस्तक इथं छापलं जात होतं. ट्रेडल मशीन छोटं, एका वेळी एकच पान निघायचं, आणि एका पानावर एक मुलगी. प्रत्येक बाप हेच चार शब्द सांगायचा. मग दर वेळी नव्यानं कोण जुळवणार? नाव बदलायचं आणि खाली गठ्ठा सरकवायचा.

"दाबून दाबून 'गृ' तुटलाय बघा," तो हसत म्हणाला. "समद्या पोरींचं गृहकृत्य जरा मोडकंच छापून राहिलंय."

"ती मुलगी मी आहे."

आता त्यानं मान वर केली. समोर पाच फूट सहा इंचांची, अगदी सावळी मुलगी उभी होती आणि तिच्या भुवया रागानं आक्रसल्या होत्या.

"गोरी..." त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यानं जीभ चावली.

त्याचं नाव रामकिशन. पुढं त्याला या एका शब्दावरून किती ऐकून घ्यावं लागलं, त्याला गणती नाही.

कागद वडिलांनी दिला होता, हे पंचशीलानं ओळखलं. लिंबाजी औशाच्या शाळेत शिपाई. माणूस सरळ, पण मुलीच्या लग्नापुढं हतबल. मागच्या वर्षी नायगावचे लोक आले होते. चहा प्याले, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, कागदावर वेगळं होतं. ती ताट-कप उचलत असताना म्हणाले. आता मेळाव्याला भोकरचा एक मास्तर येणार होता. त्याच्या घरच्यांनीही वेगळंच वाचून यावं आणि तिला बघून उठावं, हे तिला पुन्हा सोसायचं नव्हतं.

तिनं ते चार शब्द काढायला सांगितले. जागा कोरी राहू दे म्हणाली.

"कोरी ठेवली तर मशीन तिथं शाईचा डाग पाडतं," रामकिशन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "कायतरी घालावंच लागंल. तुम्ही कशा हायात ते सांगा, मी जुळवतो."

मशीन असं काही करत नाही, हे तिला लग्नानंतर कळलं.

शुक्रवारपर्यंत मुदत होती. पंचशीला रोज मधल्या सुट्टीत छापखान्यात जायला लागली. लेटरहेडच्या प्रूफात पहिल्या दिवशी एक चूक होती, दुसऱ्या दिवशी एकही नव्हती, तरी तिनं तिसऱ्यांदा प्रूफ मागितलं. गुरुपादप्पा गल्ल्यावर बसून विभूती लावलेलं कपाळ खाजवायचे आणि दुसरीकडं बघायचे.

'सावळी' पहिल्याच दिवशी जुळून झालं. 'उंच' झालं. मग गाडी अडली.

"शांत?" त्यानं विचारलं.

"मी शांत नाही. राग आला की गप्प बसते. दोन्ही वेगळं."

"मग 'रागीट' घालू?"

"घाला की."

"भोकरचे पळतील."

"पळणारे असतील तर रविवारपर्यंत कशाला थांबायचं?"

तो हसला की आधी डोळे बारीक व्हायचे आणि मग हसू यायचं. हे तिनं पाहिलं, आणि आपण ते पाहिलं हेही तिच्या लक्षात आलं... तिनं घाईनं पदर सावरला. पदर जागेवरच होता.

बुधवारी अचानक सर आली. पाव तास, तिरपी, पत्र्यावर वाजणारी. तिला थांबावं लागलं. तो खिळ्यांच्या खणांतून बोटं फिरवत होता. बोटं काळी, नखं त्याहून काळी. त्यानं तिच्या डाव्या अंगठ्यावरच्या खुणेबद्दल विचारलं.

हातोडी बसली होती, ती म्हणाली. बहात्तर सालचं दुष्काळी काम. बारा वर्षांची होती, आईशेजारी बसून खडी फोडायची. कामावर वाचता येणारी ती एकटीच पोर. पुण्या-हैदराबादला गेलेल्या माणसांची पत्रं यायची आणि बायका ती तिच्याकडं आणायच्या. ती आधी मनात वाचून घ्यायची. बातमी बरी असली तर लगेच मोठ्यानं वाचायची. वाईट असली तर पत्र ओच्यात ठेवायची आणि म्हणायची, मावशी, आधी कामावरची सुकडी खाऊन घे, मग वाचते.

"उपाशीपोटी कसं सांगायचं?" ती म्हणाली. "पोटात काही असलं तर माणूस रडू तरी शकतं."

सर कधी थांबली ते दोघांनाही कळलं नाही. गुरुपादप्पांना कळलं. ते खाकरले.

गुरुवारी तो सबंध वेळ पाठमोरा जुळवत होता. शुक्रवारी ती आली तेव्हा हात बांधून उभा होता.

"जेवलात का?"

"हो. का?"

"मग सांगतो." त्यानं मेजावरच्या बांधलेल्या पानावर हात ठेवला. "पान झालं. हे वाचलं की भोकरचे तुम्हाला पसंत करतील. ही वाईट बातमी हाय."

"आणि?"

"आणि काय न्हाई. एकच हाय, पण मला ती दोनदा वाईट वाटून राहिली. जितकं बरोबर जुळवावं तितक्या तुम्ही लांब जाणार... तरी चुकीचं जुळवायला हात होईना."

बाहेर कचेरीची घंटा झाली. ती एवढंच म्हणाली, "छापा." आणि निघाली. त्याचा चेहरा उतरलेला तिला औशाच्या गाडीत बसल्यावर दिसला, आणि मग रात्रभर दिसत राहिला. 'छापा' हे काय उत्तर झालं?

रविवारी नांदेडच्या सभागृहात माणूस मावत नव्हता. दारापाशी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन रामकिशन आला होता. मेळाव्याची रीत अशी की मुलगी मंचावर उभी राहायची आणि एक गुरुजी तिचं पान मोठ्यानं वाचायचे. गोरी, सडपातळ. गोरी, सडपातळ. बाविसाव्या गोरीपर्यंत लोक पुस्तकानं वारा घ्यायला लागले.

मग पंचशीला उभी राहिली. गुरुजींनी चष्मा सारखा केला.

"सावळी, उंच. राग आला की गप्प बसणारी, पण गप्प बसूनही ऐकणारी. वाईट बातमी समोरच्याचं जेवण झाल्यावर सांगणारी. हिच्यासमोर खोटं बोलायची माणसाला लाज वाटते."

पुस्तकांचा वारा थांबला. गुरुजींनी कुणी न सांगता ते पुन्हा एकदा वाचलं. तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. आपल्याला कुणीतरी इतकं नीट पाहिलंय, हे कळल्यावर उभं कसं राहायचं, हे तिला समजेना.

भोकरच्या मास्तरची आई जागेवरून उठली आणि म्हणाली, आम्हाला ही मुलगी हवी. लिंबाजीचे डोळे भरले. आत्या धुरपताबाईनं त्याला कोपरानं ढोसलं, "बघ रं, गोरी लिवायची काय गरज व्हती?"

पंचशीलानं गुरुजींच्या हातातून माईक घेतला.

"काकी, तुमचा मान मोठा आहे. पण ज्यानं मला असं पाहिलं, त्याचं पान या पुस्तकात नाही. ते मी वाचते." तिनं दाराकडं बघितलं. "किडकिडीत. नखं काळी. खोटं छापतो, पण एकदा सांगितलं की पुन्हा नाही. आपलं नुकसान होत असलं तरी शब्द बरोबर जुळवणारा. परवा यानं मला मनातलं सांगितलं आणि मी 'छापा' म्हणून निघून आले. त्याचा अर्थ हो असा होता."

सभागृहात आधी मागून एक टाळी, आणि मग बायकांच्या बाजूनं अशी टाळ्यांची लाट उठली की गुरुजी माईक परत मागायचंही विसरले. भोकरच्या काकी क्षणभर बघत राहिल्या, मग त्याही हसून टाळ्या वाजवायला लागल्या. रामकिशन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर मटकन बसला होता.

लिंबाजी उठला. गर्दीतून वाट काढत दारापर्यंत गेला. त्याच्या हातात मुलीचं पान उघडंच होतं. टाळ्या विरल्या. पंचशीला मंचावरून खाली उतरली आणि अर्ध्या वाटेत थबकली.

"जेवलात का, पाव्हणं?" लिंबाजीनं विचारलं.

रामकिशनचा चेहरा पांढरा पडला. त्या प्रश्नानंतर काय येतं, हे आता सबंध सभागृहाला ठाऊक होतं.

"न्हाई जी," तो कसाबसा म्हणाला.

"मग चला, संगंच जेवू." लिंबाजीनं त्याचा काळा हात आपल्या हातात घेतला. "बातमी चांगली हाय. उपाशीपोटी सांगितली तरी चालती."