जायाचं

“किसना, मोठ्या दवाखान्यात जायाचं?”

“जायाचं.”

“बघा, सोत्ता म्हणतोय!” लालासाहेब दारातल्या पंचांकडे वळला, आणि चुलीपाशी बसलेली त्याची थोरली बहीण राहीबाई भाकरी थापायची थांबली...

अवघ्या म्हसवडात तिलाच ठाऊक होतं. तिचा तिशीतला भाऊ कृष्णात, घरचा किसना, कानावर पडलेलंच परत देई. भाकरी पायजे? भाकरी पायजे. त्याचं स्वतःचं बोलणं एकच. जात्यावर तिनं ओवी अर्धी सोडली, की तो पुरी करी!

माणगंगेची गं वाळू, उन्हानं लाल झाली...
बंधू माझा अनवाणी, मी त्याची सावली!

त्या सावलीपायी तिनं सांगलीचं सासर सोडलं होतं. त्याला सरकारी आधार मिळावा म्हणून सातारच्या कचेरीत चपला झिजवल्या होत्या.

“आंधळा आहे? मुका? पांगळा?” साहेब खरोखर हळहळला होता. “लहान असता तर शाळा शोधली असती. एवढ्या बाप्याला... वेडा म्हणून लिहू? मग वेड्यांच्या मोठ्या दवाखान्यात जागा आहे.”

“त्यो येडा न्हाई, सायेब!”

“मग काय आहे, बाई?”

त्याला शब्द तिच्यापाशी नव्हता... आणि सरकारपाशीही नव्हता!

“आक्का, तुझा जल्म गेला गं ह्याच्यापायी,” आज लष्करातून परतलेला धाकटा भाऊ लालासाहेब पंचांदेखत गदगदून म्हणत होता. “आता तरी जरा सूक बघ!”

तिला पंचांना एक शब्द, ‘त्यो नुसतं माघारी बोलतोय’, एवढाच बोलायचा होता. पण गुडघे ठणकत होते, पाठ मोडली होती, आणि त्या एका क्षणी विसाव्याचा मोह तिच्या ओठांवर हात ठेवून बसला. कृष्णातला घेऊन गाडी गेली!

दसऱ्यानंतर दोघं बहीणभाऊ त्याला भेटायला गेली. मुंडण केलेला कृष्णात गजांना कपाळ घाशीत उभा होता. राहीबाईनं अर्धी ओवी म्हटली... उरलेली अर्धी आलीच नाही. ती थांबली, पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली.

“चल गं आक्का, न्हेऊया ह्येला,” लालासाहेब हुंदका देत म्हणाला. “माज्याच घासातला घास दीन!”

घरी आल्यावर त्यानं भावाचे पाय धरले. “किसना, लय चुकलो रं! माफ केलंस?”

कृष्णात आढ्याकडे पाहत होता.

“माफ केलंस.”

“केलं! आक्का, ऐकलंस? त्यानं माफ केलं!” लालासाहेब लेकरासारखा रडत, हसत होता.

राहीबाईनं त्या रडणाऱ्या भावाकडे पाहिलं. ओठांवर आलेला तोच जुना शब्द तिनं गिळला; मागं गिळला होता स्वतःसाठी... आज त्याच्यासाठी. मग जात्यापाशी बसून ती अर्धी ओवी म्हणू लागली, आणि दर वेळी वाट पाहत थांबू लागली...