शांत हातांची कोळंबी

त्या काळी वसईच्या बाजारात कोळंबीचा भाव नंतर विचारत, आधी हस्तमान विचारत. भीतीखाली राबणाऱ्या माणसाच्या घामात ताणाचं एक द्रव्य उतरतं. जाळ्यातला माल निवडताना ते कोळंबीला लागतं आणि बर्फात महिनोन्महिने टिकतं. ते मोजून खोक्यावर जो आकडा छापत, तोच हस्तमान. शंभरच्या आसपास म्हणजे डांबून ठेवलेले हात, वीसच्या खाली म्हणजे राजीखुशीचे. वीसच्या वरचा माल सणाला आणायची लोकांना लाज वाटू लागली होती.

इस्तेल तुस्कानोला तर जास्तच. तिचा धाकटा भाऊ बस्त्याव अकरा वर्षं एका परदेशी ट्रॉलरवर अडकला होता. कागदपत्रं मालकाच्या ताब्यात होती आणि बोट कधी किनाऱ्याला लागतच नसे. गेल्या वर्षी धाड पडली आणि तो सुटला. म्हणून या नाताळसाठी ती चार दुकानं फिरली आणि सात आकड्याची कोळंबी घेऊन आली.

नाताळच्या आदल्या दुपारी डॉ. मृण्मयी केळुसकर घरी आल्या. हस्तमानाची चाचणी त्यांनीच शोधली होती. आता त्या सुटून आलेल्यांचे हात तपासत होत्या. बस्त्याव पडवीत कोळंबी सोलत बसला होता. त्यांनी त्याला हात धुवायला लावले, मग तळव्यावर चाचणीची पट्टी दाबली. आकडा आला पाच.

"घरी येऊन निवांत झालाय," इस्तेल समाधानाने म्हणाली.

"सुटला त्या दिवशी बंदरातच मी याचा घाम घेतला होता," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा सहा होता."

"बोटीवर असताना सहा? ते कसं?"

"शरीर हे द्रव्य बनवतं ते पळायला, भांडायला. पहिली दोन-तीन वर्षं ते भरपूर बनवतं. मग सुटका नाहीच हे त्याला कळून चुकतं आणि ते बनवायचं सोडून देतं. हे मला फार उशिरा समजलं."

इस्तेलने खोक्याकडे पाहिलं. "मग हा सात?"

"मोकळ्या माणसाला घरच्या काळज्या असतात. कुणाचं आजारपण, पोरांच्या परीक्षा. त्याचा आकडा सहसा बाराच्या खाली जात नाही."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"आकडे ठरवणाऱ्या समितीला दोनदा लिहिलं. ते म्हणाले, लोकांचा आत्ता कुठे विश्वास बसतोय." डॉक्टरांनी पट्टी डबीत ठेवली. "आता मालक जुनी माणसं सोडतच नाहीत. नवा माणूस आला की आकडा चढतो."

"मला पाचव्या वर्षी सोडणार होते," बस्त्याव म्हणाला. दोघी त्याच्याकडे वळल्या. तो पुन्हा सोलायला बसला होता. "मग कसलीशी पट्टी लावायला लागले. मुकादम म्हणाला, तुझे हात चांगले आहेत, तू राहा."

इस्तेल उंबऱ्यावर बसली. आकडे छापायला लागल्यापासून ती दर नाताळला सर्वांत कमी आकडा शोधत आली होती. भावाच्या काळजीपोटीच.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा झाल्यावर पाहुणे जमले. इस्तेलने कोळंबी फेकली नव्हती. ती रांधून तिने पानात वाढली आणि कुणी हात लावायच्या आत सगळं सांगितलं. मग पास्कोलमामांनी घसा खाकरला.

"आता रांधलीच आहे, तर अन्न टाकू नये," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून पंधराची आणू. त्याच्या खालची नकोच. चारचौघांनाही सांगू. सगळ्यांनी मागितली की दुकानदार आणतीलच."

सगळ्यांना ते पटलं. माना हलल्या, हात पानांकडे गेले. इस्तेललाही क्षणभर हायसं वाटलं.

"पंधरा त्यांना जमेल," बस्त्याव घास कालवत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "निवडायला बसवायच्या आधी थोडं मारतील."