दोरीवरचे हातमोजे

थंडीचे दिवस होते. कोवळ्या उन्हात, बेलापूरच्या त्या छोट्याशा दवाखान्याच्या मागे, इंदू ऑपरेशनचे हातमोजे दोरीवर वाळत घालत होती. गुऱ्हाळाकडून गुळाचा वास येत होता, वारा जरा खट्याळच झाला होता... आणि एक मोजा दोरीवरून सुटला, तो थेट फाटकातून आत येणाऱ्या एका तरुणाच्या खांद्यावर जाऊन बसला.

त्यानं तो दोन बोटांत धरून उचलला. "स्वागत छान करता तुम्ही."

"सगळ्यांचं नाही करत," इंदूच्या तोंडून निघून गेलं आणि मग ती कानापर्यंत लाल झाली.

"मी शामकांत. मुंबईच्या कस्टममधून आलोय... या हातमोज्यांच्याच चौकशीला."

इंदूच्या हातातला चिमटा गळून पडला. आली का आता पंचाईत!

परदेशातून मागवलेल्या मोज्यांची पहिली पेटी सुखरूप पोचली होती, दुसरी मुंबई बंदरात अडकली होती. शस्त्रक्रियेचं साहित्य ठरलं तर ड्यूटी नाममात्र. प्लॅस्टिकचे घरगुती मोजे ठरले, तर पेटी सोडवणं दवाखान्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. आणि डॉक्टर सुमंतांनी नगरला जाताना तिला बजावलं होतं, "कागदावर 'एकदा वापरून फेकायचे' असं लिहिलंय. कुणी विचारलं तर फेकतो म्हणायचं. धुतो म्हटलं, की भांडी घासायचे मोजे समजतील."

शामकांत दोरीकडे बघत होता. डोळ्यांत हसू होतं, आणि तिला तेच अवघड जात होतं. माणूस खडूस असता तर खोटं बोलणं सोपं गेलं असतं.

"सिस्टर, हे वापरून फेकता ना तुम्ही?"

"आम्ही..."

"फेकतो की, सायेब," दवाखान्यातली आया लंकाबाई मदतीला धावली. "रोज फेकतो."

"मग हे?"

लंकाबाईनं दोरीकडे पाहिलं. "हे व्हय? फेकायच्या आदी वाळवतो."

शामकांतनं ओठ घट्ट दाबले. इंदूला हसू येत होतं आणि रडूही. या माणसाशी खोटं बोलायचं नाही, एवढं मात्र तिला पक्कं कळलं.

"नाही हो," ती म्हणाली. "उकळतो, वाळवतो, पावडर लावतो. भोक पडलं तर ठिगळ लावतो. गावोगावच्या बायका अडल्या की इथंच येतात... मोजे फेकत बसलो, तर डॉक्टरांनी उघड्या हातांनी ऑपरेशन करायचं का? आता तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

"उकळता?" त्यानं विचारलं. "मला दाखवाल?"

स्टोव्हवर पाणी खळखळलं. इंदूनं चिमट्यानं मोजे बाहेर काढले, निवल्यावर एकात हवा भरली. पाचही बोटं टम्म फुगून उभी राहिली. तो मोज्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता, हे तिला मान वर न करताही कळत होतं.

"आमच्या साहेबांना वाटतं, हे प्लॅस्टिक आहे," तो म्हणाला. "प्लॅस्टिक असतं, तर पातेल्यातच गोळा झाला असता. हे चांगलं रबर आहे. आणि दवाखान्याशिवाय मोजे उकळत कोण बसतंय? फेकतो म्हणाला असतात, तर सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पेटी सुटेल, सिस्टर."

इंदूचा जीव भांड्यात पडला. लंकाबाई चहा टाकायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

चहा झाला, काम झालं. तरी फाटकापाशी तो घुटमळला. "आता परत यायला कारण उरलं नाही..."

"हं," इंदू म्हणाली. इतकं वाईट वाटेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून विचारतो — काही काम नसताना आलो, तर आवडेल?"

'इथं ड्यूटी असते माझी', असं काहीतरी शहाण्यासारखं तिच्या ओठांवर आलं होतं. चारचौघींनी तेच सांगितलं असतं.

"आवडेल," ती म्हणाली. आणि मग, त्याच्या डोळ्यांत बघून — "लवकर आलात, तर जास्त."