फुलीवर टिचकी मारू नका

"फुलीवर टिचकी नका मारू! ती फुलीसुद्धा जाहिरातच आहे."

दिल्लीच्या द्वारका भागातल्या सायबर कॅफेत चक्क मराठी! मीनाक्षीने दचकून माऊस सोडला. स्क्रीनवर एकावर एक खिडक्या उघडत होत्या — दमा सात दिवसांत बरा, दमा मुळापासून बरा… मांडीवर चार वर्षांची तेजू खोकत होती.

"मी मराठी, हे कसं कळलं?"

"लेकीला 'गप गं राणी' म्हणालात. तेव्हापासून कामात लक्ष नाही माझं." शेजारच्या संगणकावरचा तो हसला. "मी विनय. ऑल्ट धरून एफ-फोर दाबा. झालं!"

मग शनिवार दुपार ठरूनच गेली. नोएडातल्या ऑफिसला त्याला सुट्टी असे. नवरा गेल्यावर तीन वर्षांनी तिने निळी ओढणी बाहेर काढली… उगाचच.

"या सगळ्या खिडक्या कायमच्या बंद होतात का हो?" डिसेंबरात तिने विचारलं.

"होतात ना. एवढा राग?"

"राग नाही…" ती घुटमळली. "मला त्या जाहिराती खऱ्या वाटायला लागल्यात. एक औषध मागवलंसुद्धा. तेजूला उलट्या झाल्या."

विनय हसला नाही. तिच्या बोटांना धक्का न लावता त्याने माऊस घेतला. टूल्समध्ये जाऊन पॉप-अप ब्लॉकर चालू केला, सगळ्यात कडक. "वाचा आता. कोणी मध्ये येणार नाही."

एकच पान उरलं. कुणा डॉक्टरांचं, साधं. मुलाला सारखी धाप लागत असेल तर धुरापासून दूर न्या. तेजूच्या डॉक्टरांनीही दिवाळीत हेच सांगितलं होतं. तेव्हापासून ती दुसरं उत्तर शोधत होती.

"वाईला माहेर आहे माझं," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "तुम्ही… याल?"

"आई अंथरुणावर आहे. तिचे उपचार इथेच चालू आहेत."

पुढच्या शनिवारी ती कॅफेत बसलीच नाही. तेजूचा हात धरून जिन्यातच थांबली; विनय कॅफेतून बाहेर आला. भर दुपारी बाहेर धुरकट अंधारलं होतं.

"मंगळवारचं तिकीट आहे."

"बरं केलंत."

"एवढंच? 'थांब' नाही म्हणणार?"

"म्हणून काय होणार? थांबणार नाहीस तू. थांबूही नयेस."

"नाहीच थांबणार. पण एकदा म्हणा ना…"

तेजूला उबळ आली. मीनाक्षीने तिला खांद्यावर घेतलं, पाठ चोळली. विनय एक पायरी खाली आला. अगदी हळू, तेजूला ऐकू जाणार नाही असं म्हणाला —

"थांब, मीनाक्षी."

तिने डोळे मिटून ऐकलं, आणि लेकीला सावरत जिना उतरली.