न उमटलेली रेघ

"सिस्टर नाय म्हणणार मी तुम्हाला," तळहाताला मळका रुमाल गुंडाळून आलेला तो तरुण म्हणाला.

"मग काय म्हणणार?" योगिनीनं मान वर न करता विचारलं.

"नाव सांगा की... तेच म्हणतो."

"आधी हात दाखवा."

२०१३चा मार्च. मुकुंदवाडीत प्यायचं पाणी टँकरनं यायचं, पण नव्या इमारतींचे पाये मात्र रोज खोदले जात होते. हनुमान तिथंच पोकलेन चालवायचा. मातीतली गंजकी सळई हातानं उपसताना ती तळहातात घुसली, म्हणून तो कोपऱ्यावरच्या छोट्या दवाखान्यात आला होता. योगिनी तिथं नर्स होती.

तिनं जखम साबणाच्या पाण्यानं धुतली. खोल होती. आत माती होती.

"धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय?"

"मागच्याच साली." उत्तर जरा जास्तच पटकन आलं.

योगिनीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. काळेभोर डोळे, पापण्यांवर सिमेंटची धूळ... आणि घाबरलेला माणूस हसायचं सोंग करतो तसं हसू.

दवाखान्यात नुकत्याच तपासणीच्या पट्ट्या आल्या होत्या. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर टाकायचा. दोन रेघा उमटल्या, तर अंगात धनुर्वाताशी लढायची ताकद आहे. एकच उमटली, तर नाही.

दोघं पट्टीवर वाकून बसले. रस्त्यावरून टँकर गेला, खिडकीची काच थरथरली.

"एकच दिसतीय," हनुमान हळूच म्हणाला.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"एवढीशी पट्टी, अन् चुगली करती व्हय?"

"करते. आता दोन सुया. एक आजच्या जखमेसाठी, लगेच काम करणारी. दुसरी लस, पुढच्यासाठी. तिचा आणखी एक डोस महिन्यानं."

"महिन्यानं परत यायचं?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "मग टोचा की!"

योगिनीला हसू आवरलं नाही. आणि हसता हसता तिनं नाव सांगून टाकलं.

महिना कसला... मलमपट्टी बदलायला तो एक दिवसाआड यायचा. जखम भरल्यावरही यायचा. कधी साइटवरच्या कोणाला खिळा लागला, कोणाला पत्रा लागला म्हणून सोबत घेऊन यायचा. "सगळ्यांना घेऊन येतो मी," म्हणायचा. "तुमची पट्टी मोकळी बसायला नको."

"पट्टी की मी?" योगिनीनं एकदा विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच लाजली.

एका दुपारी मात्र तो एकटाच आला. बाकावर येऊन टेकला.

"योगिनी... धनुर्वातात जबडा बसतो का? तान्ह्या लेकराचा?"

"बसतो. दूध ओढता येत नाही त्याला. अंग कमानीसारखं ताठ होतं. का?"

त्यानं सांगितलं. त्याच्याआधी त्याच्या आईला एक मुलगा झाला होता. रानात, मेंढरांच्या मागं. आठवडाभरात लेकरानं दूध ओढायचं सोडलं, तोंड मिटलं, गेलं. आई, पुतळाबाई, आजही म्हणते की तिचा नवस चुकला, म्हणून देवीनं नेलं. आता बहीण शीला बाळंतपणाला आलीय, सातवा लागलाय. आई दवाखान्याचं नाव काढू देत नाही. देवी परत कोपेल म्हणते.

"माझं काय ऐकत नाय ती. तू... तुम्ही येता का?"

"तू म्हणालास तरी चालेल," योगिनी म्हणाली. "रविवारी जाऊ."

दुष्काळानं मेंढरं पार अजिंठ्याच्या रानात गेली होती. मोटरसायकलवरून दोघं पोचले तेव्हा पुतळाबाई बाभळीच्या सावलीत बसली होती. तिनं पाहुणीला तांब्याभर पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात तांब्याभर पाणी म्हणजे लई झालं.

योगिनीनं थेटच विचारलं, "मावशी, बाळाची नाळ कशानं कापली होती?"

"कशानं म्हंजी? कातरीनं. लोकर कातरायच्या. सासूनं कापली."

खरं सांगावं तर मेलेल्या सासूला दोष लागतो. न सांगावं तर ही बाई जन्मभर स्वतःला दोष देत राहणार. आणि शीला शेजारी पोटावर हात ठेवून सगळं ऐकत होती.

"मावशी, तुमचा नवस चुकला नव्हता," ती हळू बोलली. "हा मातीतला आजार असतो. लेंडीतही असतो. कातरीवरून नाळेत गेला असणार. तुमच्या सासूबाईंना तरी कुठं माहीत होतं? कुणीच सांगितलं नव्हतं. आईनं आधी इंजेक्शन घेतलं असलं, अन् नाळ स्वच्छ नव्या पात्यानं कापली, की बाळ वाचतं. शीलाला अजून वेळ आहे. पण थोडाच."

पुतळाबाईनं रिकामा तांब्या जवळ ओढला.

"म्हंजी... देवी रागावली नव्हती?"

"नाही."

पदर तोंडाला लावून ती रडली. मोठ्यानं नाही. एवढ्या वर्षांत आटून आटून जेवढं उरलं होतं, तेवढंच. मग उठली आणि म्हणाली, "शीले, चप्पल घाल. सकाळी अजिंठ्याच्या दवाखान्यात जायचंय. आजची रात गावात चुलतीकडं राहू."

परतताना हर्सूलच्या तलावाशी हनुमाननं गाडी थांबवली. तलावात पाणी नव्हतं, भेगाळलेला गाळ होता.

"मला... एक बोलायचं होतं," तो म्हणाला.

"बोल ना."

"जमत नाय."

"मग मी बोलते. मला तू आवडतोस. तू मला हसवतोस म्हणून आवडायचास. आज आईसाठी तळमळताना पाहिलं, तेव्हा नक्की झालं."

"तुझे वडील, तात्यासाहेब... ते काय म्हणतील? तुमची जमीन, आमची मेंढरं..."

"चिडतील. माझ्याशी बोलायचे नाहीत. पण मी सांगणार. आजच."

तात्यासाहेब चिडले. मुलीशी बोलणं टाकलं. जुलैमध्ये शीलाला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. आठवडा गेला, दुसरा गेला, लेक पोटभर दूध पीत होती. तेव्हा पुतळाबाई स्वतःच योगिनीच्या घरी हर्सूलला आली, नात मांडीवर घेऊन तात्यासाहेबांच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "दादा, ही जित्ती हाय ती तुमच्या लेकीमुळं. अशी पोर माझ्या घरात द्या... हात जोडती."

तात्यासाहेबांनी बाळाच्या मुठीत बोट दिलं. मग घरात वळून म्हणाले,

"योगिनी, पाहुणीला चहा ठेव. अन् त्या हनुमानला बोलावून घे."