पुनर्विवाह केलेला नाही

"मागच्या वर्षभरात पुनर्विवाह केलात का?" काचेमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वयाची पासष्टी उलटलेली, बाहेर बोचरा वारा, रांगेत उभं राहून गुडघ्यांनी संप पुकारलेला, आणि हा बाबा विचारतोय काय, तर लग्न केलंत का.

"तुमच्या पाहण्यात कुणी आहे का?" बाई म्हणाल्या. "असेल तर सांगा, बघू."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी वळून पाहिलं. उंच, किंचित वाकलेले एक गृहस्थ, गळ्यात राखाडी मफलर, काखेत कागदांची फाइल. हसू लपवायला त्यांनी मफलर तोंडावर ओढला, पण डोळे कुठे लपतात...

"माफ करा," ते म्हणाले. "मला हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही, म्हणून गंमत वाटली. माझ्या अर्जात तो रकानाच नाही."

"का? तुम्ही काय ब्रह्मचारी आहात?"

"विधुर आहे. पण पेन्शन माझ्या स्वतःच्या नोकरीची आहे. जमीनमोजणी खात्यात होतो. तुमची बहुतेक नवऱ्याच्या मागे मिळणारी असेल. ती लग्न केलं की बंद होते."

"आणि तुम्ही केलं तर?"

"केलं तर केलं." मोजणीदार जरा ओशाळले. "सरकारला त्याचं काही नाही."

बाईंनी "पुनर्विवाह केलेला नाही" याच्यापुढे सही ठोकली ती अशी, की पेनाचं टोक खालच्या कागदावरही उमटलं.

आता मुळात त्या परदेशातल्या आपल्या वकिलातीत रांग लावून का उभ्या होत्या, ते सांगायला हवं. नवरा पोस्टमास्तर होता म्हणून त्या मास्तरीणबाई. तो गेल्यावर त्याची अर्धी पेन्शन त्यांच्या नावाने मायदेशीच्या बँकेत जमा व्हायची, आणि तिथून दर महिन्याला इकडे यायची. इकडे म्हणजे लेकीच्या शहरात. सुरुवातीला त्या लेकीकडेच राहिल्या. मग एक दिवस त्यांनी लाँड्रीच्या वरची दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. ती किल्ली त्या पेन्शनवर चालत होती. आणि बँकेने पेन्शन थांबवली होती. कारण काय, तर म्हणे हयातीचा दाखला मिळाला नाही. म्हणजे बाई जिवंत असल्याची बँकेची खात्री नव्हती. भाडं सध्या जावई भरत होता, अगदी हसतमुखाने. त्याने कुरकुर केली असती तर बरं झालं असतं. त्या हसतमुखाचाच बाईंना जास्त त्रास व्हायचा.

दाखल्यावर शिक्का मिळाला. बँकेला तो पोचलाच नाही. पुन्हा पाठवला, तर म्हणे अस्पष्ट आहे, फोनवरून करा. हे सगळं बाईंनी मोजणीदारांना सांगितलं, कारण ते पुढच्याच आठवड्यात रस्त्यात भेटले... चुकून भेटले असं ते म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या, तो इतका कसा रस्ता चुकतो, हे बाईंनी विचारलं नाही.

"माझंही असंच लटकलं होतं," ते म्हणाले. "चला, दोघं मिळून भांडू. एकट्याने भांडलं की माणूस लवकर थकतो."

मग रोज सकाळी बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोहीम सुरू झाली. फोन स्पीकरवर, मध्ये चहाचे कप, आणि पलीकडे बँकेची ती एकसुरी धून. आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक गोड आवाज दर थोड्या वेळाने सांगायचा.

"मोलाचा आहे तर उचल की मेले," बाई पुटपुटायच्या.

"तिच्यावर नका चिडू. ती रेकॉर्ड आहे."

"मग तुमच्यावर चिडू?"

"चिडा की," मोजणीदार एकदा कपात बघत म्हणाले. "माझ्यावर कितीतरी वर्षांत कुणी चिडलेलं नाही."

त्या दिवशी बाई चहात दुसऱ्यांदा साखर घालून बसल्या.

फोन लागला तरी घोडं ओटीपीवर अडायचं. ओटीपी यायचा मायदेशीच्या जुन्या नंबरवर, आणि त्या नंबरला रेंज मिळायची फक्त जिन्याच्या वळणावरच्या खिडकीबाहेर. मोजणीदार खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकायचे, हात लांब करायचे, आणि ते पडू नयेत म्हणून बाई त्यांच्या कोटाचं टोक धरून उभ्या राहायच्या. खालून लाँड्रीची गरम वाफ वर यायची, साबणाच्या वासाची.

"आला का?"

"नाही अजून. सोडू नका हं..."

"सोडत नाहीये. तुम्ही बघा पुढे."

ओटीपी आल्यावरही कोट लगेच सुटायचा नाही. दोघांनाही ते कळत होतं, आणि दोघंही रेंजबद्दल बोलत होते.

शेवटी एकदाचं फोनवर चेहरा दाखवायचं ठरलं. बाई खिडकीपाशी बसल्या, केस सारखे केले. डोळे मिटा, फोन म्हणाला. मिटले. उघडा. उघडले. चौकटीत एकच चेहरा असावा, असं लाल अक्षरांत आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काय बिघडलं ते बघायला बाईंच्या खांद्यामागून वाकलेले मोजणीदार आणखी पुढे वाकले.

"अहो, बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "त्याला तुम्ही चालत नाही."

"त्याला नाही चालत," मोजणीदार हलले नाहीत. "तुम्हाला?"

बाईंनी पडद्यावर पाहिलं. दोन चेहरे होते, एक हसणारा, एक लालेलाल झालेला. या वयात असं लाल होता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. "आधी माझी पेन्शन सुरू होऊ दे," त्या म्हणाल्या, पण आवाजात राग काही केल्या येईना.

पेन्शन सुरू झाली. थकलेली रक्कमही आली. बाईंनी जावयाचे पैसे पाकिटात घालून परत केले, घरमालकाला भाडं स्वतःच्या हाताने दिलं, आणि त्या दुपारी दोघं नदीकाठच्या बाकावर जाऊन बसले. वारा होता. मोजणीदारांनी मफलर सोडून बाईंच्या खांद्यावर टाकला.

"आता काही काम उरलं नाही," ते म्हणाले. "तरी उद्या आलो तर चालेल?"

"चालेल."

"रोजच आलो तर?"

"चहा पावडर जास्त आणावी लागेल."

"आणि... कायमचाच आलो तर? म्हणजे—रीतसर. लग्न करून."

बाईंनी आनंदाने मफलर गळ्याशी घट्ट ओढून घेतला. मग त्यांना आठवलं. "आणि तो काचेमागचा पुन्हा विचारेल तेव्हा?"

"सांगा की, हो, केलंय. पेन्शन गेली तर गेली. माझी दोघांना पुरते."

संपलं. बाईंनी मफलर काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पुरते," त्या म्हणाल्या. "हा शब्द ऐकत माझा जन्म गेलाय. तीस वर्षं त्या माणसाचे डबे केले, त्याच्या आईचं अंथरूण धुतलं, पोस्टाच्या वरच्या खोलीत संसार केला. प्रत्येक वेळी हात पसरला की एकच उत्तर, आहे त्यात पुरतं. आता जे अर्धं मिळतंय ते दान नाही हो, ती माझी मजुरी आहे. आणि मला कुणी आवडलं की ती मजुरी बुडणार? तुम्हाला कुणी आवडलं तर तुमचा एक पैसा हलत नाही. हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच," मोजणीदार हळूच म्हणाले. "पण कायदा मी नाही केला."

"नाही केलात. पण तो तुम्हाला बोचतही नाही."

त्या उठून चालू लागल्या. मोजणीदार दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. बाई स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशाचा चहा पीत बसल्या आणि त्याला चव लागेना. एका सकाळी काही काम नसताना त्यांनी बँकेला फोन लावला, ती मेली धून ऐकायला. तर पहिल्या रिंगला उचलला.

"बोला, काय मदत करू?"

"आजच बरा उचललात," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

रविवारी लेक आली. आईचा चेहरा बघून तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"मग कर ना लग्न," लेक म्हणाली. "आम्हाला आनंदच आहे. पेन्शनचं काय एवढं? आम्ही आहोत ना, कमी पडू देणार नाही."

"तूही तेच म्हण," बाई म्हणाल्या. "मला कुणी पुरवायला नको आहे, बाळ. मला माझं हवंय."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दारात मोजणीदार उभे, धाप लागलेली. लेकीला बघून ते अडखळले, पण मागे फिरले नाहीत.

"बाई, मी फार विचार केला. माझं चुकलं. मला तुम्हाला पोसायचं नव्हतं हो... मला फक्त इथे राहायचं होतं. ते सांगता आलं नाही, म्हणून पैशाचं बोललो."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. "मला तुम्ही आवडता," त्या म्हणाल्या. "लेकीसमोर सांगते. आणि मला माझी पेन्शनही आवडते. दोघांतलं एक सोडायला मी तयार नाही."

"सोडू नका."

"मग राहा. लग्नाबिग्नाशिवाय. अर्धं भाडं तुमचं, अर्धं माझं. चहा जो आधी उठेल त्याने करायचा."

"आई!" लेक उडालीच. "असं कसं? लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. लोकांनी नावं ठेवली म्हणून पेन्शन थांबत नाही."

मोजणीदार हसले, मग गंभीर झाले. "पण तुम्हाला लग्न हवं होतं ना, बाई? खरं सांगा."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "हवं होतं. चारचौघांत, तुमच्या शेजारी उभं राहून सही करायची होती. तेवढं मात्र सरकारने माझं घेतलं." आणि मग तो बारीक आवाजच त्यांना सहन झाला नाही. त्यांनी टेबल पुसलं, कोरा कागद ओढला. "बसा. पेन्शन खात्याला लिहायचंय. बाईने दुसऱ्यांदा संसार मांडला की पहिल्या संसाराची मजुरी कशी काय बुडते, ते आम्हाला लेखी कळवा म्हणावं."

दुपारभर पत्र चाललं. बाई सांगत, मोजणीदार लिहीत. "कृपया" कुठे घालायचं यावरून दोनदा वाद झाला आणि दोन्ही वेळा बाई जिंकल्या. शेवटी खाली बाईंनी सही केली, या वेळी सावकाश, वळणदार. तिच्या शेजारी मोजणीदारांनी केली. कोटाऐवजी बाईंनी आता सरळ त्यांचा हात धरला होता.

लेक मघापासून दाराशी कमरेवर हात ठेवून उभी होती. ती पुढे आली, पेन उचललं, डोळे पुसले, आणि दोघांच्या सह्यांच्या खाली लिहिलं, साक्षीदार. मग स्वतःचं नाव घातलं.