शेवटचे दोन कोपरे

प्रेमला गणिताची मास्तरीण होती, म्हणूनच तो ठोकळा तिला जास्त झोंबला. एशियाडच्या वर्षीच्या दिवाळीत तिचा धाकटा भाऊ वैजनाथ पुण्याहून मेहकरला आला, तेव्हा त्याने तो आणला होता. मुठीत मावेल एवढा, सहा बाजूंना सहा रंग, आणि प्रत्येक थर हवा तसा फिरणारा. वैजनाथने तो तिच्यासमोर पार विस्कटला आणि फराळ करता करता पुन्हा जुळवून दाखवला. मग प्रेमला दुपारभर त्याच्याशी झटत बसली. एक बाजू पांढरी होत आली की दुसरं काहीतरी बिघडायचं.

"बाजू बघू नकोस ताई, थर बघ," वैजनाथ म्हणाला. "मधला तुकडा जागचा हलत नाही. तो पांढरा, म्हणजे ती बाजू पांढरी. आधी त्याच्याभोवती अधिकचं चिन्ह कर, मग एकेक कोपरा बसव. हे पाठ कर. उजवी वर, माथा डावीकडे, उजवी खाली, माथा उजवीकडे. कोपरा बसेपर्यंत तेच."

प्रेमलाने फिरवून पाहिलं आणि मध्येच थांबली. जमलेलं सगळं मोडलं होतं.

"मोडणारच. पुढे गेलीस की आपोआप परत येतं. तिथे घाबरून थांबलीस तर मात्र खरंच मोडतं."

खिडकीजवळच्या खुर्चीत अप्पा हे बघत होते. त्यांचे वडील, शालिग्रामअप्पा. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांचे अर्ज दुरुस्त केल्यामुळे असेल, पण त्यांच्या तोंडून अर्धवट वाक्य कधी निघत नसे. अक्षरही तसंच. आधी ओळभर लांब शिरोरेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी खाली अक्षरं टांगायची. पोळ्याच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात गेला आणि वाचाही गेली. बोटं चालती ठेवा, हातात काही ना काही देत जा, असं डॉक्टर म्हणाले होते. प्रेमलाने जपमाळ देऊन पाहिली, कणकेचा गोळा देऊन पाहिला. अप्पा जरा वेळ चाळवत आणि मांडीवर ठेवून देत.

भाऊबीज करून वैजनाथ गेला. त्याने प्रेमलाला पहिला थर तेवढा शिकवला होता. तो तिला आता न चुकता जमू लागला, पण पुढचं काही येईना. एका रविवारी तिने ठोकळा अप्पांच्या डाव्या हातात दिला आणि त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून तीच चार वळणं घेतली. उजवी वर, माथा डावीकडे. अप्पांनी ठोकळा गुडघ्यांत दाबून धरला आणि पाचवं वळण स्वतः घेतलं.

त्यानंतर त्यांनी तो सोडला नाही. प्रेमला शाळेतून परतायची तेव्हा घरकामाची तानुबाई दारातच सांगायची, "दिवसभर तेच करून राह्यले जी. भाकरीले हात लावला नाही."

पहिला थर पुरा झाला त्या दिवशी अप्पा बोलले. "पाणी," एवढंच. तानुबाईच्या हातून तांब्या पडला. त्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या हाताची मूठ उघडली. डॉक्टरांनी हात वाकवून, दाबून पाहिला. अशी सुधारणा फार क्वचित दिसते, म्हणाले. प्रेमला त्या दिवशी पेढे घेऊन शाळेत गेली.

दुसरा थर अप्पांना कुणी शिकवला नव्हता. तिलाच येत नव्हता, तर ती काय शिकवणार? पण तो हळूहळू जुळत गेला, आणि तसतशी अप्पांची वाचा मोकळी होत गेली.

"मले कांदा दे," एकदा जेवताना ते म्हणाले.

प्रेमलाने मान वर केली. अप्पांनी जन्मात "मले" म्हटलं नव्हतं. तिच्या तोंडून लहानपणी कधी गेलं, तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करत. शिवाय कच्च्या कांद्याचा वास आला तरी ते पानावरून उठायचे. आता त्यांनी कांदा बुक्कीने फोडला, भाकरी वरणात कुस्करली आणि मांडी घालून, वाकून जेवले. दिवसभर तानुबाईचं बोलणं कानावर पडतं, त्यामुळे असेल, अशी प्रेमलाने मनाची समजूत घातली. आजारपणानंतर जिभेची चव बदलते, हेही तिला ठाऊक होतं.

मग एका सकाळी तिने त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं. अप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं, चित्रांवरून बोट फिरवलं आणि परत दिलं.

"वाचून दाखव ना बाई. मले कुठं येते?"

ते खोटं बोलत नव्हते. चेहऱ्यावर लाजही नव्हती. ज्याने कधी शाळा पाहिली नाही असा माणूस जितक्या सहजपणे सांगेल, तितक्याच सहजपणे त्यांनी सांगितलं. आणि तिला त्यांनी "प्रेमा" नव्हे, "बाई" म्हटलं होतं.

त्या दिवशी प्रेमलाने ठोकळा काढून घेतला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून कुलूप लावलं. अप्पांनी तक्रार केली नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचा उजवा हात मिटला. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. डोळे उघडे, श्वास चालू, पण हाक मारली तर बुबुळही हलत नव्हतं. "अप्पा" म्हटलं तरी नाही, काही म्हटलं तरी नाही. रिकाम्या घराचं दार वाजवावं तसं तिला वाटलं. वैजनाथचं बोलणं तिच्या डोक्यात घुमत होतं. मध्ये थांबलीस तर खरंच मोडतं.

तिने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं आणि ठोकळा त्यांच्या तळव्यावर ठेवला. जेवणवेळेपर्यंत ते उठून बसले.

"पऱ्हाटी वेचून झाली का?" त्यांनी विचारलं. कापसाच्या शेतात अप्पांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं.

प्रेमलाने वैजनाथला सगळं लिहून कळवलं. तो दोन दिवसांची रजा काढून आला. त्याला अंगणात चालणारे, दोन भाकरी खाणारे अप्पा दिसले. "अप्पा ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "बोलणं येईल जागेवर. तूच थोडी विश्रांती घे ताई." जाताना त्याने अप्पांच्या हातातला ठोकळा बघून दाद दिली. वरच्या थराचे दोनच कोपरे वाकडे राहिले होते. बाकी सगळे रंग आपापल्या जागी होते.

तो गेल्यावर अप्पा तिच्यासमोर येऊन बसले. हात गुडघ्यांवर, परक्या बाईशी बोलताना ठेवावी तशी नजर खाली.

"बाई, तुमी माह्यं लय केलं. आता मले घरी नेऊन घाला."

"कुठल्या घरी, अप्पा?"

"पिंपळगावले. पिंपळगाव राजा. मारुतीच्या पाराजवळ, पडवीत कडबा रचलेला दिसन. माह्यं नाव पंजाबराव."

अप्पांची सारी नोकरी मेहकर आणि लोणारात झाली होती. पिंपळगाव राजाला त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तिथे नेऊन दाखवावं, म्हणजे असं घर नाही हे त्यांना पटेल आणि हा भ्रम उतरेल, असा हिशेब प्रेमलाने केला. शाळेत रजेचा अर्ज टाकून ती त्यांना घेऊन सकाळच्या गाडीत बसली. जानेफळवरून खामगाव, तिथे गाडी बदलून पिंपळगाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं फुटलेलं शिवार होतं, ओच्यात कापूस भरणाऱ्या बाया होत्या. अप्पा खिडकीतून शेतं बघत होते आणि कुणाची पऱ्हाटी किती वाढली आहे ते स्वतःशीच बोलत होते. ठोकळा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

पारापाशी उतरल्यावर त्यांनी रस्ता विचारला नाही. प्रेमलालाच त्यांच्यामागे भराभर चालावं लागलं.

पडवीत कडबा रचलेला होता.

गोठ्यातल्या पांढऱ्या बैलाने त्यांना पाहून मान पुढे केली आणि त्यांचा हात चाटला. आवाज ऐकून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे जागरणाने लाल. तिने परका पुरुष पाहून पदर सावरला.

"कोण पाह्यजे जी?"

"रुखमा," अप्पा म्हणाले.

बाई दोन पावलं मागे सरली. प्रेमलाने घाईघाईने सांगितलं की हे तिचे वडील आहेत, आजारी आहेत, त्यांना भ्रम होतो. इथे पंजाबराव नावाचं कुणी राहतं का?

"हाव. आमचे मालक," रुखमाबाई म्हणाली. "पण ते उठत नाहीत. दिवाळीपासून अंथरुणाले खिळले. चांगला गड्यासारखा गडी, पह्यले हात पडला, मंग बोलणं बदललं. आमच्याशी अहोजाहो बोलतात. पानात कांदा चालत नाही. शाळेत गेले नाहीत कधी, अन् बोट गोधडीवर काहीबाही लिवत राह्यते."

प्रेमला आत गेली. अप्पा पडवीतच बसले.

खोलीत अंधार होता आणि तेलाचा वास होता. बाजेवर एक रुंद हाडाचा, उन्हाने रापलेला माणूस पडला होता. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचा उजवा हात दोरीसारखा लोंबत होता. डाव्या हाताचं बोट गोधडीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढत गेलं, मग मागे येऊन त्या रेघेखाली अक्षरं टांगू लागलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. जाड, शेतकऱ्याचे ओठ मोठ्या कष्टाने हलले.

"प्रेमा, आज शाळा का बुडवलीस?"

ती बाजेच्या कडेला टेकली.

"त्याला थांबव," तो म्हणाला. "आता फार थोडं..." आणि ज्याने आयुष्यात वाक्य अर्धवट सोडलं नव्हतं, त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

बाहेरून खटखट असा बारीक आवाज येत होता.

ती पडवीत धावली. ठोकळा त्यांच्या हातात होता आणि तो पूर्ण विस्कटलेला होता. लाल, हिरवा, पिवळा, सगळे रंग एकमेकांत घुसलेले. क्षणभर तिला वाटलं, मोडला. सुटलो.

मग तिच्या लक्षात आलं की हे मधलं मोडणं आहे.

हिसकावून घ्यायला तिने हात पुढे केला. मध्ये थांबवलं तर? त्या उघड्या डोळ्यांची तिला आठवण झाली. असे रिकामे डोळे मग इथेही राहतील, आत बाजेवरही.

हात तसाच हवेत राहिला.

उजवी वर. माथा डावीकडे. उजवी खाली.

शेवटच्या वळणाला सगळे रंग एकदम जागेवर आले.

आत रुखमाबाईने हाक मारली, "अहो? बोला ना काही." उत्तर आलं नाही.

प्रेमला पुन्हा आत गेली तेव्हा त्या माणसाची वाचा गेली होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि डोळे तिच्यावरून हलत नव्हते. तिने त्याचा डावा हात हातात घेतला. मग रुखमाबाईला विचारलं, मी यांना मेहकरला नेऊ का? आमचे डॉक्टर चांगले आहेत, मी सगळं करीन.

"काऊन?" रुखमाबाईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "तुमचं आमचं काय नातं, बाई?"

रुखमाबाईने प्रेमलाच्या हातातून नवऱ्याचा हात हळूच सोडवून घेतला आणि गोधडीखाली ठेवला. "तुमच्या वडलायले घेऊन जा. ते पडवीतून माह्या घराकडं पाह्यतात, मले भेव लागते."

पडवीत तो माणूस बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा होता. अप्पांचा चेहरा, अप्पांचा चष्मा, अप्पांचा धुतलेला सदरा.

"चला बाई," तो म्हणाला. "इथं मले कोणी ओळखत नाही."

ठोकळा तिने घरी आणून देवघराच्या फळीवर ठेवला. तो विस्कटला तर आलेल्या वाटेनेच मागे जाता येईल, असं तिला सुरुवातीला वाटायचं. पण ती वाट तिने पाहिली नव्हती. तिला पहिला थर तेवढा येत होता. एक वळण चुकीचं पडलं तर इकडचा आणि तिकडचा, कोण कुठे जाऊन पडेल, कोण जाणे. तिने त्याला हात लावला नाही. दर रविवारी मात्र ती पिंपळगावला जाऊ लागली. रुखमाबाई चहा द्यायची आणि दारात उभी राहायची. बाजेजवळ फार वेळ बसू द्यायची नाही.

संक्रांतीच्या आधी खामगावच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. पंजाबराव गेले.

घरातला माणूस न सांगता कपडे करून दारात उभा राहिला. दोघं दुपारच्या आत पोचली. प्रेत नेण्याची तयारी झाली होती. नातलग बाया रडत होत्या. त्यांच्यात प्रेमलाला जागा नव्हती. ती कडब्याला टेकून उभी राहिली आणि रडू आलं तेव्हा तिने पदर तोंडात धरला, कारण लोक बघू लागले होते. तो मात्र पुरुषांबरोबर स्मशानापर्यंत गेला. एका जागी त्याने खांदाही दिला. आग पेटली तशी माणसं पांगली. तो सगळ्यांत शेवटी परतला.

परतीच्या गाडीत तो खिडकीजवळ बसला. खामगाव मागे पडल्यावर त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, अगदी अप्पांच्या हाताने, आणि प्रेमलाकडे वळला. चेहऱ्यावर समाधान होतं.

"बरीच माणसं आली, नाही का बाई?" तो म्हणाला. "मले वाटलं नव्हतं."